जुन्या खोलीचे नवे रंगकाम

घरातील भिंत केवळ विटा आणि गिलावा यांची बनलेली नसते. चुना, डिस्टेंपर, तैलरंग, खळ आणि कागद यांचे थर तिच्यावर वर्षानुवर्षे साठत जातात. जुना कागद काढून खोलीस नवा रंग देणे म्हणजे हे थर हलविणे होय. ते कसे हलवावेत यामागे रसायनशास्त्राचे काही साधे नियम आहेत. ते न पाळल्यास नवा रंग टिकत नाही; शिवाय घरातील लहान मुलांच्या प्रकृतीस अपाय होण्याचा संभव असतो.

घर जुने केव्हा म्हणावे?

बंगळूर शहरातील एचएसआर लेआउट ही वसाहत काही प्राचीन नव्हे. होसूर रस्ता आणि सरजापूर रस्ता यांच्या नावांवरून तिचे नाव पडले असून, १९८० नंतरच्या काळात शहराच्या विकास प्राधिकरणाने तिची आखणी केली. पुण्यातील वाड्यांशी तुलना केल्यास तेथील घरे अगदी नवी ठरतात. तथापि रंगाच्या दृष्टीने त्यांपैकी कित्येक जुनीच होत. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लक्ष भागांत ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम भारत सरकारने २०१६ मध्ये प्रसिद्ध केला व तो २०१७ मध्ये लागू झाला. त्यापूर्वी रंगविलेल्या कोणत्याही घरात शिसेयुक्त रंग असू शकतो.

कागद कसा सुटतो?

भिंतीचा कागद बहुधा खळीने चिकटविलेला असतो. कोमट पाणी मुरले की खळ फुगते व तिची पकड सुटते. मात्र कागदावर प्लॅस्टिकचा थर असल्यास पाणी आत शिरत नाही. म्हणून तो थर प्रथम ओढून काढावा. काम सुरू करण्यापूर्वी खोलीचा विद्युत्प्रवाह बंद करावा. नंतर थोड्या भागावर पाणी फवारून पंधरा-वीस मिनिटे थांबावे आणि रुंद पत्तीने कागद अलगद सोडवावा. घाईने खरवडल्यास गिलाव्याचे टवके उडतात. उरलेली खळ धुऊन काढणे अवश्य आहे. कारण खळ हे बुरशीचे खाद्य होय, आणि तिच्यावर दिलेला रंग लवकर सुटतो.

पोपड्यांतील शिसे

भिंतीच्या कागदापेक्षा दारे, खिडक्या आणि लोखंडी गज यांवरील जुना तैलरंग अधिक धोक्याचा असतो. सफेदा, शेंदूर आणि क्रोम पिवळा ही शिशाचीच संयुगे होत. रंग अखंड असेपर्यंत ती जागच्या जागी राहतात. कोरड्या काचकागदाने घासताच त्यांची सूक्ष्म धूळ होते. रांगणाऱ्या मुलाचे हात त्या धुळीत पडतात आणि तेच हात तोंडात जातात. पोटात गेलेल्या शिशापैकी प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे दशांश भाग शोषला जातो, तर लहान मुलाच्या शरीरात जवळजवळ निम्मा. शिसे कॅल्शियमची जागा घेऊन हाडांत साठते आणि वाढत्या मेंदूस इजा करते. शिशाचे कोणतेही प्रमाण निर्धोक असल्याचे आढळलेले नाही.

हा प्रश्न बंगळूरला अपरिचित नाही. तेथील जॉर्ज फाउंडेशन या संस्थेने १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अनेक शहरांतील मुलांच्या रक्ताची तपासणी केली, तेव्हा शिशाचा प्रादुर्भाव मोठ्या प्रमाणावर दिसून आला. पुढे २००० मध्ये देशातील शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. हवेतील शिसे त्यामुळे घटले. घरांच्या लाकडावर बसलेले शिसे मात्र तसेच राहिले.

म्हणून जुना रंग घट्ट असेल तर तो न खरवडता त्यावरच अस्तर द्यावे. पोपडे निघत असतील तर पृष्ठभाग ओला करूनच घासावा. रंग दिव्याच्या ज्योतीने जाळू नये. त्या धुरातही शिसे असते. मुले व गर्भवती स्त्रिया यांना काम संपेपर्यंत दूर ठेवावे. जमीन झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

ओल आणि ऋतू

बंगळूरला नैर्ऋत्य मोसमी पाऊस ओसरल्यावरही ऑक्टोबरात बराच पाऊस पडतो. म्हणून जानेवारी ते मार्च हा काळ रंगकामास उत्तम. भिंत सुकली की नाही हे पाहण्यासाठी हातभर प्लॅस्टिकचा तुकडा तिच्यावर चारी कडांनी चिकटवावा. दुसऱ्या दिवशी त्याच्या आतील बाजूस थेंब दिसल्यास भिंतीत ओल आहे असे समजावे. ओलीचे कारण दूर केल्यावरच लांबी भरावी, अस्तर द्यावे आणि मग रंगाचे दोन हात द्यावेत.

या सर्व कामात रंगाऱ्याचा विचार अगोदर व्हावयास हवा. घरातील माणसे एकदाच ही धूळ सोसतात, रंगारी ती रोज सोसतो आणि कपड्यांवरून आपल्या मुलांपर्यंत नेतो. त्याला योग्य मुखवटा, हात धुण्यास साबण आणि कपडे बदलण्यास जागा देणे हे घरमालकाचे कर्तव्य होय.