मिनीव्हॅन भरताना : जागा लिटरमध्ये, मर्यादा किलोमध्ये

उन्हाळ्याची सुट्टी, भारतातून आलेले आजी-आजोबा आणि सात जणांना घेऊन चार-पाच तासांच्या प्रवासाला निघालेली मिनीव्हॅन. अमेरिकेतल्या मराठी घरांना हे चित्र नवे नाही. निघण्याआधी एकच प्रश्न विचारला जातो, "सगळं बसेल ना?" मागचे दार बंद झाले की उत्तर मिळाले असे आपण समजतो.

दार बंद झाले म्हणजे सामान जागेत बसले, एवढेच सिद्ध होते. भौतिकशास्त्राचे तीन प्रश्न त्यानंतर सुरू होतात. एकूण वजन किती आहे? ते गाडीत नेमके कुठे आहे? आणि गाडी अचानक थांबली तर ते कुठे जाईल? या तिन्हींची उत्तरे कागद-पेन्सिल घेऊन दहा मिनिटांत काढता येतात. चला, काढून पाहू.

किती?

तिसरी रांग उघडी ठेवून तिच्या मागे जी जागा उरते, ती आजच्या बहुतेक मोठ्या मिनीव्हॅनमध्ये साधारण ९०० ते १००० लिटर असते. पण लिटर हे आकारमानाचे माप आहे. ही जागा उशांनी भरली तर २०-२५ किलो होतील, पाण्याने भरली तर ९०० किलो! जागेला वजन कळत नाही. ते स्प्रिंगांना, ब्रेकला आणि टायरना कळते.

त्यांची मर्यादा गाडीवरच लिहिलेली असते. चालकाचे दार उघडा. दाराच्या चौकटीच्या खांबावर 'टायर अँड लोडिंग इन्फर्मेशन' असे शीर्षक असलेली छोटी पट्टी दिसेल. माणसे आणि सामान यांचे मिळून वजन किती किलो किंवा पाउंडांपेक्षा जास्त नसावे, ते तिच्यावर दिलेले असते. आकडा प्रत्येक गाडीचा वेगळा असतो. अगदी एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांचाही वेगळा असू शकतो, कारण जास्तीच्या सोयी बसवल्या की रिकाम्या गाडीचे वजन वाढते आणि तेवढी मर्यादा घटते.

समजा, तुमच्या पट्टीवर १२०० पाउंड, म्हणजे ५४४ किलो लिहिले आहे. आता हिशोब करू.

- पाच मोठी माणसे, सरासरी ७० किलो : ३५० किलो
- दोन मुले, प्रत्येकी ३० किलो : ६० किलो
- विमानातून आलेल्या २३ किलोच्या चार बॅगा : ९२ किलो
- हातातल्या ७ किलोच्या दोन बॅगा : १४ किलो

बेरीज झाली ५१६ किलो. उरले २८. बर्फ आणि खाण्यापिण्याने भरलेली पेटी सहज २० किलोची होते. अर्ध्या लिटरच्या २४ बाटल्यांचा एक खोका १२ किलोचा. म्हणजे या दोन वस्तू ठेवल्या की मर्यादा ओलांडली, आणि बाबागाडी अजून अंगणातच आहे! डोळ्यांना मात्र गाडीत अजून भरपूर जागा दिसत असते.

लक्षात ठेवा, टपावरच्या पेटीतले सामान याच ५४४ किलोंत मोजायचे. टपावर ठेवले म्हणून ते गाडीच्या वजनातून सुटत नाही. शिवाय टपाच्या दांड्यांची स्वतःची मर्यादा असते आणि ती बरीच कमी असते. ती गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत पाहा. त्याच पट्टीवर टायरमधल्या हवेचा दाबही दिलेला असतो. तो टायर थंड असताना, म्हणजे निघण्याआधी तपासायचा. भरलेल्या गाडीत कमी हवेचा टायर जास्त चेपला जातो, प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतो आणि तापतो. उन्हाळ्यातल्या लांबच्या प्रवासात टायर फुटण्याचे हे एक मोठे कारण आहे.

कुठे?

तिसऱ्या रांगेच्या मागे जो खोल खड्डा असतो, तो मुळात सामानासाठी नव्हे, सीटसाठी केलेला असतो. तिसऱ्या रांगेची सीट घडी होऊन जमिनीत जावी ही सोय अमेरिकेत १९९५ सालच्या होंडा ओडिसीने आणली. पुढे क्रायस्लरने २००५ च्या मॉडेलमध्ये दुसऱ्या रांगेच्या सीटही जमिनीत जातील अशी रचना केली आणि तिला 'स्टो अँड गो' हे नाव दिले. सीट वर असल्या की त्यांची रिकामी घरे आपल्याला सामानाला मिळतात. दोन्ही जागा खाली आहेत, पण दोन्हींत एक महत्त्वाचा फरक आहे.

दुसऱ्या रांगेजवळचे कप्पे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये येतात. मागचा खड्डा मागच्या चाकांच्या बराचसा पलीकडे असतो. लहानपणीचा सी-सॉ आठवा. मागचा आस हा टेकू समजा. टेकूच्या मागे वजन ठेवले की पुढची बाजू हलकी होते.

आकडे घालून पाहू. पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर ३ मीटर आहे. मागच्या आसापासून ८० सेंटिमीटर मागे १२० किलो सामान ठेवले. मग पुढच्या चाकांवरचा भार १२० × ०.८ ÷ ३ = ३२ किलोंनी कमी होतो. तो भार कुठे नाहीसा होत नाही, तो मागच्या चाकांवर जातो. त्यांच्यावर १२० नव्हे, १५२ किलो वाढतात.

पुढची चाके गाडी वळवतात. बहुतेक मिनीव्हॅनमध्ये गाडी ओढण्याचे कामही तीच करतात आणि ब्रेकचा मोठा वाटाही तीच उचलतात. ओल्या किंवा बर्फाळ रस्त्यावर त्यांची पकड कमी होणे परवडणारे नाही. भरलेल्या गाडीचे नाक किंचित वर उचलले जाते, त्यामुळे रात्री दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्यांच्या डोळ्यांवर जातो. त्यामुळे पुस्तके, पाण्याचे खोके, डाळ-तांदूळ यांसारखे लहान आकाराचे पण जड सामान दुसऱ्या रांगेजवळच्या जमिनीतल्या कप्प्यांत घाला. तुमच्या गाडीत ते कप्पे नसतील तर मागच्या खड्ड्यात तळाशी, तिसऱ्या रांगेच्या पाठीला टेकून ठेवा. दाराकडची बाजू हलक्या वस्तूंसाठी.

आता उंचीचे पाहू. वळणावर गाडी कलंडण्याची शक्यता गुरुत्वमध्याच्या उंचीवर अवलंबून असते. डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागले की जो आकडा येतो, तो अमेरिकेची रस्ते-सुरक्षा संस्था एनएचटीएसए गाड्यांना कलंडण्याबाबतचे गुण देताना वापरते. आकडा जितका मोठा, तितकी गाडी स्थिर. समजा, चाकांमधले अंतर १७० सेंटिमीटर आहे, भरलेली गाडी २६०० किलोंची आहे आणि गुरुत्वमध्य ७२ सेंटिमीटरवर आहे. भागाकार येतो १.१८. आता खड्ड्यातले ६० किलो काढून १.४ मीटर वर, टपावर ठेवा. गुरुत्वमध्य सुमारे ३ सेंटिमीटर वर सरकतो आणि आकडा १.१३ होतो. सरळ रस्त्यावर हा फरक जाणवणार नाही. समोर हरीण आले आणि स्टिअरिंग झटकन फिरवले, तर जाणवेल. टपावर काही ठेवायचेच असेल तर पांघरुणे, तंबू, कपडे अशा हलक्या वस्तू ठेवा.

"जड आहे, हलणार नाही"

सामान भरताना हे वाक्य हमखास ऐकू येते. ते चूक आहे, आणि का चूक आहे ते पाहण्यासारखे आहे.

जड बॅग जमिनीला जास्त जोराने दाबते, म्हणून तिला धरून ठेवणारे घर्षण जास्त असते, हे खरे. पण तिचे जडत्वही तेवढ्याच पटीत जास्त असते. दोन्हीकडे वस्तुमान येते आणि गणितातून निघून जाते. उरतो फक्त घर्षणांक. सुटकेस आणि गालिचा यांच्यातला घर्षणांक ०.४ धरला, तर गुरुत्वत्वरणाच्या ०.४ पटीपेक्षा जोरात ब्रेक लागताच बॅग सरकू लागते. मग ती ५ किलोंची असो की २३ किलोंची. कोरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक दाबला तर गाडीचे मंदन सुमारे ०.८ पट असते, म्हणजे बॅग सरकायला लागते त्याच्या दुप्पट.

चार चाकांची सुटकेस उभी ठेवली तर घर्षण जवळजवळ नाहीच. ती गाडीतली दुसरी गाडी झाली, तीही ब्रेक नसलेली! म्हणून अशा बॅगा आडव्या ठेवा किंवा एकमेकींत घट्ट बसवा. खाली रबरी चटई घातली तर घर्षणांक वाढतो आणि रोजच्या ब्रेकला सामान जागेवर राहते.

कशाने धरले आहे?

धडकेच्या वेळी मात्र घर्षणावर भरवसा ठेवता येत नाही. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. एखादी वस्तू मोकळी असेल आणि गाडी या वेगात असताना भिंतीवर थांबली, तर ती वस्तू त्याच वेगाने पुढे जात राहते. हा वेग १० मीटर उंचीवरून पडलेल्या वस्तूचा असतो. तेव्हा मोकळा ठेवलेला ५ लिटर पाण्याचा कॅन म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून पडणारा कॅन. वेग दुप्पट झाला की उंची चौपट होते. ताशी १०० किलोमीटरला तोच कॅन सुमारे ४० मीटरवरून, तेराव्या मजल्यावरून पडल्यासारखा येईल. मिनीव्हॅनमध्ये सामानाच्या लगेच पुढे तिसरी रांग असते. तिथे बहुतेक घरांत मुले बसतात.

धडकेत गाडीचे नाक समजा ६० सेंटिमीटर चेपले गेले. या अंतरात वेग शून्यावर येतो, तेव्हा सरासरी मंदन गुरुत्वत्वरणाच्या सुमारे १६ पट भरते. २३ किलोंच्या बॅगेला धरून ठेवायला तेवढ्या क्षणापुरती जवळपास ३७० किलोंच्या वजनाइतकी ताकद लागते. पिशव्या अडकवायचे प्लॅस्टिकचे हूक आणि लवचीक जाळी यांच्याकडून ही अपेक्षा करू नका. भाजीची पिशवी सांडू नये एवढ्याचसाठी ती सोय असते. जमिनीत बसवलेल्या धातूच्या कड्या आणि न ताणणारा पट्टा हे खरे बांधण्याचे साधन.

आणखी एक गोष्ट पट्ट्याइतकीच उपयोगी आहे, आणि फुकट आहे : मध्ये फट ठेवू नका. बॅग सीटच्या पाठीला टेकलेली असेल तर ती गाडीबरोबरच, त्या ६० सेंटिमीटरांत थांबत जाते. मध्ये अर्धा मीटर मोकळी जागा असेल तर सीट जवळजवळ थांबल्यावर बॅग पूर्ण वेगाने येऊन आदळते, आणि तिला थांबायला काही सेंटिमीटरच मिळतात. थांबण्याचे अंतर दहापट कमी, तर बल दहापट जास्त.

सामानाची रास सीटच्या पाठीपेक्षा उंच नेऊ नका. वरची वस्तू पाठीवरून थेट डोक्यांकडे येते. एखादी सीट रिकामी असेल तर तिच्यावरच्या बॅगेभोवती सीटबेल्ट लावा. नसली तरी तिचा बेल्ट अडकवून ठेवा. त्यामुळे मागून सामान आदळले तर ती सीट तग धरायला मदत होते.

इतर सोयींचेही आकडे

सामानाच्या जागेला किलोची मर्यादा, तशी विजेच्या सॉकेटला वॉटची. १२ व्होल्टच्या सॉकेटला १० अँपिअरचा फ्यूज असेल तर १२ × १० = १२० वॉट मिळतात. फोन आणि छोटी शीतपेटी त्यावर चालेल. ५०० वॉटचा राइस कुकर चालणार नाही, फ्यूज जाईल. इंजिन बंद असताना ४ अँपिअर घेणारी शीतपेटी सात तास चालली तर २८ अँपिअर-तास खर्च होतात. ६० अँपिअर-तासांच्या बॅटरीचा हा जवळपास अर्धा भाग आहे. सकाळी गाडी सुरू न होण्याची ती तयारीच.

आपोआप सरकणारी दारे अडथळा आला की मागे फिरतात. पण दार अगदी बंद होत आलेले असताना किंवा अडकलेली वस्तू बारीक असताना ती जाणीव चुकू शकते. लहान बोटे आणि ओढणी-साडीचा पदर या दोन्हींवर चालकाने स्वतः नजर ठेवायची.

आणि शेवटची सोय, डॅशबोर्डचा खण. उन्हात उभ्या बंद गाडीत तासाभरात तापमान ५० अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकते. वापरात असलेले इन्सुलिन साधारण ३० अंशांच्या आत ठेवायचे असते. जास्त तापलेले इन्सुलिन दिसायला तसेच राहते, गुण मात्र कमी होतो. आजोबांचे इन्सुलिन खणात नको, त्यांच्याबरोबर थंड पिशवीत असू द्या. पॉवर बँक आणि स्प्रेचे डबेही गाडीत सोडून जाऊ नका.

भरण्याचा क्रम

आधी पट्टीवरचा आकडा वाचा आणि माणसांचे वजन त्यातून वजा करा. मग न्हाणीघरातल्या काट्यावर बॅगा मोजा. जड सामान तळाशी आणि पुढे, हलके वर आणि मागे. फटी बुजवा, वर पट्टा ओढा. टायरची हवा पाहा. शेवटी मागचे दार लावण्याआधी स्वतः तिसऱ्या रांगेत बसा आणि मागे वळून पाहा. डोक्याच्या उंचीला काही मोकळे दिसत असेल, तर ते खाली काढा आणि मगच मुलांना बसवा.