बुरशीच पिकाची राखणदार : मर रोगावरचा एक पाठ



'बुरशी म्हणजे वाईट' असं मुलं सहज लिहून टाकतात. भाकरीवर दिसली की फेकायची, एवढंच त्यांना ठाऊक. पण आपल्या रिसोडच्या मुलांच्या घरी तूर-हरभरा पिकतो. त्यांना दुसरी बाजूही कळायला हवी.

मर रोग कसा होतो?
फ्युजॅरियम नावाची बुरशी मुळातून शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नलिका बंद करते. जमिनीत ओल असूनही झाड उभ्या उभ्या वाळतं. ही बुरशी मातीत अनेक वर्षं टिकते, म्हणून त्याच वावरात रोग पुन्हा येतो.

सौम्य बुरशी काय करते?
फ्युजॅरियमचेच काही भाऊबंद झाडाला रोग लावत नाहीत. फ्रान्समधील शातोरनार येथील मातीत मर रोग फारसा होत नव्हता. तिथे अशीच एक निरुपद्रवी बुरशी सापडली. तिला 'एफओ-४७' म्हणतात. तिची कामे तीन :
१. मुळाजवळचं अन्न आधी खाणे.
२. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तशी मुळावरची जागा अडवणे.
३. झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करणे.

मुलं म्हणतील, "म्हणजे लसच की!" तिसऱ्या कामापुरतं ते बरोबर आहे. १७९६ मध्ये जेन्नरने गाईच्या सौम्य देवीपासून माणसाला मोठ्या देवीपासून वाचवलं. पण झाडात रक्त नसतं, प्रतिपिंडंही नसतात. हा फरक आवर्जून सांगा.

आपल्या वावरात काय?
आपल्याकडे ट्रायकोडर्मा वापरतात. ती वेगळी : शत्रू बुरशीला वेटोळे घालून तिलाच खाते. पेरणीआधी किलोभर बियाण्याला साधारण ४ ग्रॅम चोळून बी सावलीत सुकवतात. पालकहो, झाड वाळल्यावर पुडा आणून ते पुन्हा हिरवं होत नाही. हा उपाय पेरणीआधीचाच. सोबत पीक फेरपालट आणि तुरीचं बीएसएमआर-७३६, हरभऱ्याचं जॅकी-९२१८ यांसारखं मर प्रतिकारक वाण हवं.

वर्गात काय करावे?
मर लागलेलं आणि निरोगी अशी दोन झाडं आणा. खोडं शिक्षकांनीच उभी चिरावीत. रोगट खोडात तपकिरी-काळी रेघ दिसेल. मुलांना चित्र काढू द्या. नंतर हात साबणाने धुवावेत. औषध लावलेलं बियाणं मात्र मुलांच्या हाती देऊ नका.

शेवटी विचारा : "सगळी बुरशी मारून टाकली, तर राखण कोण करेल?" उत्तर मुलांनाच शोधू द्या.