तळघरातील पुराचे पाणी उपसताना

डिसेंबर 2015 मध्ये अड्यार नदीने पात्र सोडले आणि चेन्नईतील अनेक वस्त्या पाण्याखाली गेल्या. डिसेंबर 2023 मध्ये ‘मिचाँग’ चक्रीवादळानेही शहर जलमय केले. अशा वेळी वीज नसते. मग पेट्रोलवर चालणारा ट्रॅश पंपच कामी येतो. चिखल, पालापाचोळा, लहान खडे पाण्याबरोबर निघून जावेत, इतकी ऐसपैस जागा त्याच्या पंख्यात व कोठीत ठेवलेली असते.

परंतु हे यंत्र तळघरात कदापि उतरवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वासही नाही. दार उघडे ठेवले म्हणून धोका टळत नाही. माणूस सावध होण्यापूर्वीच बेशुद्ध पडतो. यंत्र बाहेर, खिडक्यांपासून दूर ठेवावे व केवळ नळी आत सोडावी. साधारण सात मीटर खोलीवरून पाणी ओढले जाते; एका मजल्याच्या तळघरास तेवढे पुरते.

सुरू करण्यापूर्वी इंजिन ऑइल पाहावे व कोठीत पाणी भरावे. पंप कोरडा चालल्यास सील जळते. पाणी चढेना, तर प्रथम ओढनळीचा जोड तपासावा. बहुधा तेथूनच हवा शिरत असते. नळीच्या टोकाची जाळी काढू नये. पेट्रोल भरावयाचे ते इंजिन थंड झाल्यावरच.

काम संपताच स्वच्छ पाणी फिरवून कोठी रिकामी करावी. कार्ब्युरेटरमध्ये राहिलेले पेट्रोल काही महिन्यांत चिकट होते आणि ऐन पुरात इंजिन दगा देते. म्हणून तेही काढून टाकावे. चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबरपासूनचा; सप्टेंबरमध्ये पंप एकदा चालवून पाहावा.