कराटेतील काता : पाठांतर आणि अर्थबोध

उच्च प्राथमिक वर्गांतील मुलींना समग्र शिक्षा योजनेखाली राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण दिले जाते, हे शिक्षक बंधुभगिनींस विदित आहेच. प्रशिक्षक ठरावीक मुदतीपुरते येतात; पुढे सराव चालू ठेवण्याचे काम शाळेकडे राहते. जेथे कराटे शिकविले गेले असेल, तेथे मुलींपाशी उरतो तो मुख्यतः काता. तेव्हा त्याचे स्वरूप शिक्षकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

समोर प्रतिस्पर्धी नसताना, ठरलेल्या क्रमाने व ठरलेल्या दिशांनी करावयाच्या बचाव-प्रहारांची मालिका म्हणजे काता. ओकिनावा बेटावरील ही विद्या विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील शाळांत आणली ती इतोसू आंको यांनी. जुने काते विद्यार्थ्यांस कठीण, म्हणून त्यांनी ‘पिनान’ नावाचे पाच काते प्रचारात आणले. पुढे फुनाकोशी गिचिन (हे आपल्याच पेशातले, ओकिनावातील शाळाशिक्षक) १९२२ साली तोक्योस गेले. त्यांनी या पाचांना ‘हेइआन’ हे नाव दिले. शोतोकान पद्धतीत आरंभी शिकविला जाणारा ‘हेइआन शोदान’ हा त्यांतलाच. त्यात एकवीस हालचाली असून पहिली हालचाल प्रहाराची नाही, बचावाची आहे.

एका शाळेत मला हा काता पाहावयास मिळाला. वीस-बावीस मुली, एका ठेक्यात, एकही पाऊल न चुकता. पाहून संतोष वाटला. सहज म्हणून एका मुलीस विचारले, “बाळ, ही चौथी हालचाल कशासाठी?” ती म्हणाली, “सर, चार आकड्याला ती करायची असते.” तिच्या मैत्रिणीस तिचे मनगट घट्ट धरावयास सांगितले. मुलगी नुसता हात हिसकत राहिली, सुटका होईना.

वास्तविक चौथी हालचाल याच प्रसंगाची आहे. पुढे असलेले उजवे पाऊल मागे घ्यावयाचे, त्याबरोबर उजवी मूठ अंगाशी ओढून वर्तुळाकार फिरवावयाची आणि वरून खाली आणावयाची. मनगट सुटते ते केवळ दंडाच्या बळाने नव्हे. मागे जाणाऱ्या पावलाबरोबर साऱ्या अंगाचा भार हातामागे येतो. शिवाय पकड जेथे दुबळी, म्हणजे अंगठा व बोटे जेथे मिळतात, तिकडून हात काढावयाचा. एवढे दाखविल्यावर तिसऱ्या खेपेस तिचा हात सुटला. मग रांगेतील प्रत्येक मुलीस ते करून पाहावयाचे होते. त्या दिवशी गणिताचा तास बुडाला, हे कबूल केले पाहिजे.

पाठांतर त्याज्य आहे, असे मी म्हणत नाही. पाढे घोकल्यावाचून हिशेब येत नाही. साहित्य लागत नाही, दुखापतीचे भय थोडे, साऱ्या वर्गाचा सराव एकाच वेळी होतो, हे कात्याचे गुण शाळेला सोयीचेच आहेत. मात्र अंतराचा अंदाज आणि दुसऱ्याच्या बळाचा अनुभव एकट्याच्या कात्यात येत नाही. तोक्योच्या ऑलिंपिकमध्ये (२०२१) काता ही स्वतंत्र स्पर्धा होती व पुरुषांचे सुवर्णपदक ओकिनावाच्या कियुना र्यो यांनी मिळविले. ते कौशल्य थोर खरेच. पण आपल्या मुलींची गरज वेगळी आहे. खुद्द इतोसू यांनीही १९०८ सालच्या आपल्या पत्रात, काता शरीरसंवर्धनासाठी करावयाचा की प्रत्यक्ष उपयोगासाठी, हे ठरवून घ्यावे असे सुचविले होते.

म्हणून एका आठवड्यास एकच हालचाल घ्यावी. प्रथम ती सर्वांकडून करवून घ्यावी, नंतर जोड्या लावून सावकाश तिचा अर्थ दाखवावा. प्रहार अंगापासून वीतभर अलीकडे थांबलाच पाहिजे. मुलीस मुलीचीच जोडी द्यावी. कात्यात दोन ठिकाणी आरोळी आहे, ती पुष्कळ ठिकाणी ओठांतल्या ओठांत उरकली जाते. ती मोकळ्या गळ्याने देववावी. हात सुटताच ओरडत माणसांच्या दिशेने धावावयाचे, हेही त्याच तासात मैदानावर प्रत्यक्ष धावून करवून घ्यावे.