पाणी गोठतं तेव्हा पाइप का फुटतो? बंद घराच्या उदाहरणातून विज्ञानाचा एक पाठ



थंडीत महाबळेश्वरच्या वेण्णा तलाव परिसरात दवबिंदू गोठल्याची बातमी आली की वर्गात हमखास प्रश्न येतो, "मग तिथल्या नळातलं पाणीही गोठतं का?" गवतावरचं दव पहाटे थोडा वेळ गोठतं, पाइपमधलं पाणी गोठायला मात्र बराच काळ कडक थंडी लागते. अमेरिकेच्या उत्तर भागात तशी थंडी पडते. तिथे हिवाळ्यात घर बंद ठेवायचं असेल, तर आधी घरातलं पाणी काढून टाकतात. 'पाण्याचे असंगत आचरण' शिकवताना हे उदाहरण फार उपयोगी पडतं.

आधी प्रयोग

सरळ उभ्या बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्या. तिच्यात १० सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी भरा, पेनाने खूण करा आणि झाकण न लावता रात्रभर फ्रीजरमध्ये उभी ठेवा. काचेची बाटली नको, ती तडकते. सकाळी बर्फ खुणेच्या वर आलेला दिसेल. बहुतेक पदार्थ थंड झाल्यावर आकुंचन पावतात. पाणी ४ अंश सेल्सिअसपर्यंत तसंच वागतं, त्याखाली मात्र प्रसरण पावू लागतं. बर्फ होताना तर त्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं.

मग पाइप कुठे फुटतो?

मुलं म्हणतील, "जिथे बर्फ झाला तिथे." पण बऱ्याचदा तसं होत नाही. पाइपमध्ये बर्फाचा बोळा तयार होतो. तो वाढत जातो आणि पुढचं पाणी बंद नळाच्या दिशेने ढकलतो. त्या पाण्याला जायला जागा नसते, दाब वाढत जातो आणि पाइप तिथे फुटतो. खरं नुकसान बर्फ वितळल्यावर कळतं. घरात कोणी नसेल तर पाणी कितीतरी दिवस वाहत राहतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सास या एरवी उबदार राज्यात अचानक कडाक्याची थंडी पडली, तेव्हा असंख्य घरांतले पाइप असेच फुटले.

घर बंद करताना काय करतात?

१. पाणी तापवायच्या टाकीची वीज किंवा गॅस बंद करतात. वीज चालू राहून टाकी रिकामी झाली, तर आतली कॉइल जळते.

२. घरात पाणी येतं तिथला मेन कॉक बंद करतात.

३. सगळे नळ उघडतात, वरच्या मजल्यावरचेही आणि सर्वात खालचेही. का? स्ट्रॉमध्ये पाणी घेऊन वरचं तोंड बोटाने दाबा, पाणी पडत नाही. बोट काढलं की पडतं. वरून हवा आत आली तरच खालून पाणी निघतं.

४. गरम पाण्याची टाकी खालच्या तोटीला नळी लावून रिकामी करतात. तिच्यात दीडशे-दोनशे लीटर पाणी असू शकतं. संडासाची टाकीही फ्लश करून रिकामी करतात.

५. कॉम्प्रेसरने हवा मारून पाइपमध्ये उरलेलं पाणी बाहेर काढतात.

६. बेसिनखालच्या वाकड्या पाइपमध्ये, म्हणजे ट्रॅपमध्ये, थोडं पाणी राहतंच. गटाराचा वास घरात येऊ नये म्हणून ते तिथे असावंच लागतं. म्हणून त्यात सहज न गोठणारं द्रावण ओततात. ते प्रोपिलीन ग्लायकोलचं असतं. गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते इथे चालत नाही, कारण त्यात बहुधा इथिलीन ग्लायकोल असतं आणि ते विषारी आहे.

डिसेंबरात तीन-चार आठवड्यांसाठी भारतात येणाऱ्या कुटुंबांनी एवढं सगळं करायलाच हवं असं नाही. घरातली हीटिंग सुमारे १३ अंशांवर चालू ठेवायची आणि मेन कॉक बंद करायचा, असा सल्ला सहसा दिला जातो. पण मध्येच वीज गेली तर हीटिंग बंद पडते. म्हणून शेजाऱ्याकडे किल्ली देऊन अधूनमधून घर बघायला सांगणं चांगलं. तुमच्यापैकी कुणाची मुलं-नातवंडं तिकडे असतील, तर निघण्याआधी "मेन कॉक बंद केलास ना?" एवढं जरूर विचारा.

वर्गात काय करता येईल?

वरच्या सहा पायऱ्या सहा चिठ्ठ्यांवर लिहा, त्या मिसळा आणि गटांना क्रम लावायला सांगा. प्रत्येक चिठ्ठीमागे 'असं का?' याचं उत्तर एका वाक्यात लिहून घ्या. क्रम थोडा वेगळा आला तरी चालेल, कारण मात्र पटायला हवं. 'मेन कॉक बंद न करता नळ उघडले तर?' असे प्रश्न मुलं एकमेकांना विचारू लागली, की पाठ जमला समजा.

"पाणी गोठल्यावर प्रसरण पावते" हे वाक्य मुलं पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. पण त्याच ९ टक्क्यांमुळे एखादं बंद घर पाण्याने भरू शकतं, हे कळलं की ते वाक्य कायमचं लक्षात राहतं.