सर्पगंधा आणि रक्ताचा दाब

रक्ताचा दाब वाढला असतां बहुधा कांहींच दुखत नाहीं. म्हणूनच हा विकार घातक होय. हृदय, मेंदू व मूत्रपिंडें यांस इजा होईपर्यंत रोग्यास त्याची वार्ताही नसते. दाब चढला हें मोजूनच कळतें. आणि झाडपाल्यानें तो उतरला कीं नाहीं, हेंही मोजूनच ठरतें. सर्पगंधेचा इतिहास हीच गोष्ट शिकवितो.

या वनस्पतीची मुळी आपल्या देशांत पूर्वीपासून सर्पदंश, निद्रानाश व उन्माद यांवर देत असत. १९३१ सालीं कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं तिनें रक्तदाब उतरतो असें प्रसिद्ध केलें. पुढें मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं ५० रोग्यांस ती देऊन दाबाची नोंद ठेविली. त्यांचा लेख १९४९ सालीं ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्यें आला, तेव्हां जगाचें लक्ष तिकडे वळलें. १९५२ सालीं स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनीं मुळींतून रिसर्पीन हें द्रव्य वेगळें काढलें. परंतु त्यानें कित्येकांचें नाक चोंदलें, कित्येकांचें मन खिन्न झालें. आज तें क्वचितच देतात.

‘वनस्पति ती निरुपद्रवी’ ही समजूत येथेंच खोटी ठरते. खोकल्यावरील ज्येष्ठमध पाहा. तें रोज पुष्कळ खाल्ल्यास शरीरांतील पोटॅशियम घटून दाब उलट वाढतो.

मग आपल्या परभणीकडील घरगुती वनस्पति निरुपयोगी कीं काय? तसें नाहीं. लसूण व जवस यांनीं दाब थोडासा उतरतो, असें प्रयोगांत आढळलें आहे. इसबगोल आंतड्यांतील पित्ताम्लें धरून बाहेर नेतो. तीं पुन्हा घडविण्यास यकृत कोलेस्टेरॉल खर्च करतें, म्हणून रक्तांतील कोलेस्टेरॉल कांहींसें घटतें. तुपाच्या जागीं करडईचें तेल बेतानें वापरल्यासही लाभ होतो; या पिकाची ‘परभणी कुसुम’ ही जात येथील कृषि विद्यापीठानेंच दिली आहे. मात्र जवसाच्या चटणींत मीठ सढळ हातानें पडलें, तर एका हातानें मिळविलेलें दुसऱ्या हातानें गमाविल्यासारखें होईल.

हे सर्व साह्यकारी उपाय होत. औषधाची जागा ते घेऊं शकत नाहींत. गोळी सोडून काढा धरणाऱ्याचा दाब पुन्हा चढतो, आणि पक्षाघात होईपर्यंत त्यास तें कळतही नाहीं.

तेव्हां घरच्या वडील माणसांचा दाब शेवटीं केव्हां मोजला, हें आजच विचारा. मोजला नसेल, तर त्यांस आरोग्य केंद्रांत घेऊन जा. तो वारंवार १४०/९० किंवा अधिक भरत असेल, तर डॉक्टरांचा उपचार सुरू झालाच पाहिजे. ते कोणता झाडपाला घेत असतील, तर त्याचें नांव कागदावर लिहून डॉक्टरांस दाखवा.