मोटारगाडीचा घसारा कसा मोजावा

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या दारीं आतां बैलगाडीच्या जागीं मोटार उभी आहे. तिच्या तेलाचा व दुरुस्तीचा खर्च जो तो मांडतो. परंतु ती उभ्या जागीं जी किंमत गमावते, तिचा आंकडा वहींत सहसा आढळत नाहीं. या घटीस घसारा म्हणतात. आम्हीं महसुली दप्तरांत जन्म घालविला. तेथें सारा संबंध जमिनीशीं, आणि जमिनीस घसारा लावीत नाहींत. त्यामुळें हा हिशेब आम्हांसही पेन्शनींत आल्यावरच शिकावा लागला.

बैलाची गोष्ट निराळी. आदत खोंड घेतला तर तो चारदाती, सहादाती होऊन औतास वळेपर्यंत त्याची किंमत चढते, उतार त्यापुढें. मोटारीस चढती कळा नाहींच. दुकानाबाहेर पडली कीं ती जुनी झाली.

मोजण्याच्या रीती दोन. समजा, गाडी ६,००,००० रुपयांची आहे. ती १० वर्षें वापरून अखेर १,००,००० रुपयांस विकली जाईल असें धरिलें, तर मधले ५,००,००० दहांनीं भागून दरसाल ५०,००० वजा करावे. ही सरळ रीत सोपी खरी, पण बाजाराशीं जुळत नाहीं. कारण गिऱ्हाईक नव्या गाडीची किंमत आधीं झपाट्यानें व मग सावकाश उतरवितें. दुसरी रीत उतरत्या शिलकीची. हींत शेंकडा दर मूळ किमतीवर न लावतां वर्षारंभीं उरलेल्या किमतीवर लावतात. दर शेंकडा १५ धरिल्यास पहिल्या वर्षीं ९०,००० जाऊन ५,१०,००० उरतात. दुसऱ्या वर्षीं ७६,५०० जाऊन ४,३३,५००. तिसऱ्या वर्षीं ६५,०२५ जाऊन ३,६८,४७५.

विम्याचें कोष्टक याहून वेगळें आहे, व शेतकऱ्यानें खरें पाहावयाचें तें हेंच. गाडी चोरीस गेली किंवा दुरुस्तीपलीकडे मोडली, तर विमापत्रावर लिहिलेलें घोषित मूल्य तेवढें हातीं येतें. तें ठरवितांना कंपनीच्या विक्रीच्या किमतींतून सहा महिन्यांपर्यंतच्या गाडीस शेंकडा ५, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० व पांचपर्यंत ५० अशी वजावट होते. पुढील मूल्य उभयतांच्या संमतीनें ठरतें. नोंदणीच्या वेळीं भरलेला कर यांत धरीत नाहींत, तो गेलाच.

आतां कर्जाचा आंकडा याच्या शेजारीं मांडूं. वरील गाडीसाठीं पदरचे ६०,००० घातले व ५,४०,००० शेंकडा १० व्याजानें सात वर्षांच्या मासिक हप्त्यांनीं घेतले. हप्ता सुमारें ८,९६५ रुपये बसतो. वर्षभरांत १,०७,५८० भरले जातात. पण त्यांतील सुमारें ५१,५०० व्याजांतच जिरतात आणि मुद्दल अवघें ५६,१०० फिटतें. देणें उरलें ४,८३,९००. इकडे दुसऱ्या वर्षाच्या विमापत्रावर मूल्य ४,८०,०००. तेराव्या महिन्याच्या आरंभीं गाडी जळाली, तर विम्याची सारी रक्कम सावकाराकडे जाऊन वर आणखी ३,९०० आपणच द्यावयाचे. पदरचे ६०,००० व बारा हप्ते गेले ते वेगळेच. ऊसाचें बिल हातीं पडतांच थोडी रक्कम भरून गाडी आणणाऱ्यांनीं ही बेरीज एकदां स्वतःच्या हातानें करून पाहावी. पदरचे दीड लाख घातले असते, तर देणें प्रथमपासूनच विम्याच्या मूल्याखालीं राहिलें असतें.

नव्या गाडीस बीजकाची पूर्ण किंमत देणारें जादा संरक्षण थोडा अधिक हप्ता भरून घेतां येतें. उलटपक्षीं, दरसाल विमा नवा करितांना हप्ता हलका व्हावा म्हणून घोषित मूल्य कमी लिहून घेण्याचा आग्रह पुष्कळदां होतो. कर्ज डोक्यावर असेतों त्यास रुकार देऊं नये. सही करण्यापूर्वीं कर्जाचा उतारा मागवून दोन्ही आंकडे शेजारीं ठेवावे.